एमसीबी पडते म्हणून एफडी मोडू का?

सांगलीच्या गावभागातून आलेलं पत्र, थोडक्यात: “वय 61, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पेन्शन 38,000. घर 1988 चं. एसी आणि गिझर एकदम चालू केले की मेन एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडते. आता दुसरा एसी, इंडक्शन आणि इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची आहे. वायरमन म्हणतो, थ्री फेज (जास्त भाराचं मोठं कनेक्शन) घ्या. सोलरवाला म्हणतो, 10 किलोवॅट बसवा, 6 लाख. नुकतेच बँकेतल्या साहेबांनी 3 लाख ‘8 टक्के गॅरंटी’च्या योजनेत टाकून दिले. त्यावर कर्ज मिळतं म्हणाले. ते काढू की 20 लाखांची एफडी मोडू?”

विजेचं नंतर बघू. ती योजना म्हणजे विमा पॉलिसी आहे. तुम्हीच पाठवलेल्या कागदाच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय: हप्ता 3 लाख, भरायचा 7 वर्षं. एकदा टाकले आणि झालं, असं तुम्ही धरून चाललात. तुमची वर्षाची पेन्शन साडेचार लाख. त्यातले 3 लाख हप्त्यात गेले तर घर कशावर चालवणार?

आता ती गॅरंटी. एकूण 21 लाख भरायचे, बाराव्या वर्षाअखेर 33 लाख मिळायचे. सगळे हप्ते मिळून पैसे सरासरी 9 वर्षं अडकतात. 8 टक्क्यांनी 9 वर्षांत पैसे दुप्पट होतात, म्हणजे 42 लाख हवे होते. 33 म्हणजे जेमतेम 5 टक्के. साधी एफडीही याहून बरी. राहिलं कर्ज. ते सरेंडर व्हॅल्यूवर, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर हाती येणाऱ्या रकमेवर मिळतं आणि एकच हप्ता भरलेल्या कोऱ्या पॉलिसीला ती नसते. साहेबांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

सुटका आहे. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. ईमेलवर आला असेल तर दिवस तिथपासून मोजा. थोड्या दिवसांचा विमा-खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे मिळतात. तुमचे 13 दिवस गेले होते, म्हणून पत्र वाचलं त्याच दिवशी फोन केला. अर्ज थेट विमा कंपनीकडे, लेखी, पोचपावती घेऊन. साहेबांकडे जाऊ नका. ते चहा पाजतील, “महिनाअखेर होऊ दे” म्हणतील आणि तिसावा दिवस टळेल.

ते पैसे आले की एफडीची मुदत संपेपर्यंत थांबा आणि दोन्हींतले 20 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 41,000. पोस्टात जा, मध्ये साहेब लागत नाही.

आता वीज. तुमची मेन एमसीबी 16 अँपिअरची. 230 गुणिले 16, म्हणजे 3,680 वॅट. एसी 1,600, गिझर 2,000, त्यात फ्रिज सुरू झाला की पडणारच. ती बिघडलेली नाही, इमानाने काम करतेय. “मोठी एमसीबी टाकतो, काम संपलं” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एमसीबी वायर राखते. 1988 ची वायर तशीच ठेवून 32 ची बसवली, तर एमसीबीच्या आधी वायर जळेल.

हवं ते सगळं धरलं तर बेरीज 10 किलोवॅटच्या आसपास जाते. पण घर बेरजेवर चालत नाही. गिझर सकाळी, स्कूटर रात्री. सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची: दोन एसी, इंडक्शन, बाकी किरकोळ मिळून सव्वासहा किलोवॅट, 27 अँपिअर. सिंगल फेजवर, म्हणजे साध्या घरगुती कनेक्शनवर, 32 ची मेन पुरते. थ्री फेजचा स्थिर आकार तिपटीच्या घरात, वीज वापरा न वापरा.

तुमच्या बिलावर मंजूर भार 2 किलोवॅट दिसतो. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडून महावितरणकडे तो 7 करून घ्या. मीटरपासूनची मेन वायर बदला, एसी, गिझर आणि इंडक्शनला 4 चौरस मिलिमीटरच्या स्वतंत्र लाइन ओढा, अर्थिंग तपासा, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. 50-60 हजारांत होईल, बचत खात्यातून. आणि हात घातलाच आहे तर बोर्ड 2019 च्या पुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या. कृष्णेच्या आयर्विन पुलावर पाणी 45 फुटांच्या धोका पातळीला गेलं की काय होतं, हे गावभागाला मी काय सांगणार.

सोलरने एमसीबी पडायची थांबत नाही. 10 किलोवॅट दिवसाला 40 युनिट देतं, तुमचं घर 7 खातं, उन्हाळ्यात दुप्पट धरा. उरलेल्याचं काय लोणचं घालणार? वर्षाअखेर उरलेल्या युनिटचा मिळणारा दर तुम्ही भरता त्याच्या जवळपासही नसतो. अनुदानही 3 किलोवॅटनंतर 78,000 वर थांबतं. बसवायचंच तर 2 किलोवॅट: सव्वा-दीड लाख, त्यातले 60,000 अनुदान. तेही वायरिंग झाल्यावर, एक उन्हाळा बिलं बघून.