शिल्लक रिमफायर काडतुसे विकताना

अमेरिकेत पॉइंट २२ लाँग रायफल या रिमफायर प्रकारची (बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणारी) काडतुसे विकायला काढण्याआधी आपण दर काडतुसामागचा भाव काढावा, कारण पेटी ५० ची, ब्रिक म्हणजे दहा पेट्यांचा गठ्ठा ५०० चा आणि सुट्या मालाचे डबे ३२५ किंवा ५२५ चे असल्यामुळे नुसत्या डब्याच्या किमतीवरून काहीच कळत नाही. २०१३ च्या टंचाईत चढ्या भावाने घेतलेल्या मालाचे तेवढेच पैसे वसूल होतील ही आशा सोडावी. दुकानातल्या आजच्या भावापेक्षा थोडे कमी, एवढेच रास्त होय. (टंचाईत दामदुप्पट मागणाऱ्यांविषयी माझे मत फारसे बरे नाही.)

नेमबाजीच्या सामन्यांसाठीच्या मालाची गोष्ट वेगळी आहे. एखाद्या रायफलला ठरावीक लॉटच, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला मालच, मानवतो, म्हणून एकाच लॉटच्या सीलबंद पेट्यांना जाणकार जास्त पैसे मोजतात. तेव्हा लॉट क्रमांकाचा स्पष्ट फोटो द्यावा आणि निरनिराळे लॉट एकत्र करू नयेत. पेटी उघडलेली असल्यास शिशाच्या गोळीवर पांढरट भुकटी किंवा पितळेवर हिरवट डाग आहेत का, हे उजेडात पाहून तसे स्पष्ट सांगावे. रिमफायरमध्ये ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे कड चेपलेले काडतूस विकूच नये.

व्यवहारापूर्वी आपल्या राज्याचा कायदा वाचावा. कॅलिफोर्नियात अनोळखी माणसाला खासगीरीत्या विकतानाही परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जावे लागते. पार्सल टपालाने पाठवू नये, कारण अमेरिकेचे टपाल खाते काडतुसे स्वीकारत नाही.