पिकअपचा हँडब्रेक पूर्ण ओढूनही गाडी उतारावर सरकते. केबल बदलावी का?
लगेच नको, आधी मागच्या चाकांच्या ड्रममधले लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे पट्टे) तपासून अ‍ॅडजस्ट करा, केबल त्यानंतर. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना मागे ड्रम ब्रेक असतो आणि हँडब्रेकची केबल तेच लायनर फाकवते. लायनर झिजले की ड्रमपासूनचं अंतर वाढतं, मग दांडा वरपर्यंत येतो पण पकड येत नाही. मी गॅरेजवर हेच काम करतो. नुसती केबल ताणून दिलेल्या गाड्या परत येतात, कारण जास्त ताणल्यावर लायनर सतत घासून ड्रम तापतो.

सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागचं चाक उचलून स्टँडवर घ्या. चाक अडेपर्यंत अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा भाग) फिरवा, मग ते हाताने मोकळं फिरेल इतका मागे घ्या. दोन्ही चाकं झाल्यावरच केबलचा नट आवळा. नुसत्या जॅकवर हे काम कधीच करू नका.

मात्र ड्रममध्ये अ‍ॅक्सलचं ऑइल किंवा ब्रेक ऑइल उतरलं असेल तर अ‍ॅडजस्ट करून उपयोग नाही. गळणारं सील किंवा व्हील सिलिंडर (पायाचा ब्रेक दाबल्यावर लायनर ढकलणारा भाग) आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलावेच लागतील. तोवर भरलेली गाडी घाटात उभी करू नका.