उन्हाळ्यात लॅपटॉप फार तापतो, कूलिंग पॅड घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप चार वर्षांचा आहे, नागपुरात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता, आणि एप्रिल लागला की अर्ध्या तासात पंखा भणभणायला लागतो, मग सगळंच रेंगाळतं. पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड, आत्ता घेऊ नका. आधी लॅपटॉप उघडून आतून साफ करून घ्या.

मी अकोल्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. उन्हाळ्यात ‘तापतोय’ म्हणून जे लॅपटॉप येतात, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकाच जागी असतं. प्रोसेसरवर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. ती उष्णता उचलून कडेला नेते. तिथे कंगव्याच्या दातांसारख्या बारीक पत्र्या असतात आणि पंखा त्यांच्यामधून हवा बाहेर फेकतो. पंखा आणि पत्र्या यांच्यामधल्या फटीत धूळ अडकते, ती बाहेरून दिसत नाही. गेल्या मे महिन्यात एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) ऑफिसातला लॅपटॉप आला होता. मागचं झाकण काढलं तर पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसला. स्क्रू काढून तो उचलला तेव्हा मागे पत्र्यांवर करड्या रंगाची पट्टी होती. चिमट्याने ओढली तर अख्खी निघाली, नमद्यासारखी घट्ट, काडेपेटीएवढी लांब. हंगामभर हवेत उडालेली रुई आणि त्यात मिसळलेली धूळ. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, पण हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. ती पट्टी काढली, पेस्ट बदलली, आणि तेच काम करताना ९७ अंशांवर जाणारा प्रोसेसर ७८ वर थांबला. खाली कितीही महागाचं पॅड ठेवलं असतं तरी हे झालं नसतं. तुमच्याकडे जिनिंग नसेल, पण गादीवर ठेवून वापरत असाल तर चादरीचे, ब्लँकेटचे तंतू हेच काम करतात, शिवाय खालची जाळी झाकली जाते ती वेगळीच.

पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि तांबं यांच्यामध्ये लावलेला पातळ थर. तीन-चार वर्षांत ती सुकून भेगाळते. कारागिराकडून साफसफाई करून घेताना ती बदलायला सांगाच. स्वतः उघडणार असाल तर बॅटरीची पिन आधी काढा आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरा. मोकळी सोडली तर हवेच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नका, त्याच्या स्थिर विजेने बोर्ड जाऊ शकतो.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याचं. लॅपटॉपचा पंखा हवा गार करत नाही, खोलीत असते तीच आत ओढतो. खोली ३० ची ४० झाली की त्याच कामाला प्रोसेसरही साधारण दहा अंश वर चढतो. म्हणून वरच्या मजल्यावर दुपारी १ ते ५ मध्ये व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम टाळा, ते सकाळी उरका. कूलर असेल तर त्याच खोलीत बसा, आपली हवा कोरडी असल्याने चांगला फरक पडतो. फक्त लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, बारीक तुषार आत जातात. बर्फाची पिशवी खाली ठेवणारेही मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका, आत दव धरतं आणि बोर्ड जातो. टेबलावर ठेवून मागच्या दोन पायांखाली पाण्याच्या बाटलीची झाकणं सरकवली तरी हवेला पुरेशी फट मिळते.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरने जड कामाला घेतलेला जादा वेग, बंद होतो आणि तापमान लगेच उतरतं. टायपिंग, ब्राउझर, टॅली यांत फरक जाणवत नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही, तिथे कंपनीच्या अ‍ॅपमधला सायलेंट मोड लावा.

मला खरी काळजी तुमच्या बॅटरीची आहे. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो, १०० अंशांच्या आसपास गेला की वेग कमी करतो आणि तरीही नाही भागलं तर मशीन बंद करतो. तुमचं रेंगाळणं बहुधा तेच आहे. बॅटरी मात्र उष्णतेने मुकाट्याने खराब होत जाते, त्यात दिवसभर चार्जर लावून १०० टक्क्यांवर ठेवली तर आणखी लवकर. चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवण्याची सोय असेल तर आजच लावा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय का, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय का, एवढं बघा. तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंग लगेच थांबवा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू-टोचू नका आणि त्याच दिवशी दुकानात नेऊन काढून घ्या.

बॅटरी ठीक असेल तर साफसफाईला देण्याआधी एचडब्ल्यूमॉनिटर हे मोफत सॉफ्टवेअर टाका, रोजचं काम अर्धा तास करा आणि प्रोसेसरचा सगळ्यात वरचा आकडा लिहून ठेवा. परत आल्यावर त्याच वेळी, त्याच खोलीत पुन्हा बघा. दोन्ही आकडे आणि मॉडेल इथे कळवलंत तर पॅडची गरज उरली आहे का ते सांगतो.