बुलेटचं गिअर रॅचेट जोडताना

भाऊ, कव्हर लावायची घाई करू नको. जुन्या बुलेटच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये खरी मेख उजव्या कव्हरमागच्या रॅचेटमध्ये, म्हणजे लिव्हरचा झटका गिअरपर्यंत पोचवणाऱ्या दातेरी भागात असते. खाली पांढरं फडकं अंथर आणि दातांवरून बोट फिरव. कडा गोल झाल्या असतील तर तो बदलच. मग लिव्हर परत जागेवर आणणारी रिटर्न स्प्रिंग: दोन्ही टोकं आपापल्या जागी बसली पाहिजेत. माझं एक टोक पहिल्या वेळी चुकलं होतं. धुळ्याहून पारोळ्याला येताना दाबलेला लिव्हर वर येईना. मे महिन्याच्या उन्हात तिसऱ्या गिअरवरच घर गाठलं.

कव्हर लागलं की मागचं चाक हाताने फिरवत गिअर टाक: पहिला वर, बाकी तीन खाली. चाक थांबलेलं असेल तर डॉग, म्हणजे गिअरच्या बाजूचे अडकायचे दाते, बहुतेकदा एकमेकांत बसत नाहीत आणि आपण उगाच लाथ मारतो. न्यूट्रल फाइंडर, म्हणजे थेट न्यूट्रलला आणणारा वेगळा लिव्हर, पहिल्या गिअरमधून चालत नाही, त्याने घाबरू नको. गिअर अर्धवट लागत असेल तर लगेच बॉक्स उघडू नको. आधी बाहेरच्या ॲडजस्टर प्लेटचे दोन्ही बोल्ट सैल कर, प्लेट केसभर सरकव, आवळ, परत चाक फिरव. मला चार वेळा करावं लागलं होतं.