किडनी बाहेर काढून, दुरुस्त करून परत बसवतात?

प्रश्न : किडनी शरीराबाहेर काढायची, बाहेरच ऑपरेशन करायचं आणि त्याच माणसाला परत बसवायची, असं खरंच करतात का? पहिल्यांदा कोणी केलं? आणि परत बसवल्यावर शरीर ती रिजेक्ट करत नाही का?

उत्तर : आधी तुमच्या भीतीचं बघू. रिजेक्शन होत नाही, कारण किडनी त्याच माणसाची असते, शरीर तिला परकी समजतच नाही, त्यामुळे दुसऱ्याची किडनी घेतलेल्यांना जन्मभर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात त्या इथे लागत नाहीत. धोका असतो तो जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी व्हायचा किंवा लघवीच्या नळीचा जोड गळायचा, आणि तो छोटा नाही.

आता इतिहास. १९०२ मध्ये व्हिएन्नात एमेरिक उलमान यांनी कुत्र्याची किडनी काढून त्याच कुत्र्याच्या मानेत जोडली आणि तिच्यातून लघवी यायला लागली! म्हणजे जागा बदलली तरी किडनी काम करते हे तेव्हाच दिसलं होतं. माणसावर मात्र हे व्हायला १९६३ उजाडलं. अमेरिकेत मिसिसिपीला जेम्स हार्डी यांच्याकडे एक पेशंट होता, त्याची किडनीतून निघणारी नळी पार वरच्या बाजूला खराब झालेली, उरलेली नळी मूत्राशयापर्यंत पोचेना, मग हार्डींनी किडनीच उचलून खाली ओटीपोटात आणली. पण ही झाली जागाबदल. बाहेर काढून दुरुस्ती म्हणाल तर ती १९६७ मध्ये जपानच्या ओटा आणि त्यांच्या टीमने केली, किडनीची धमनी अरुंद होऊन बीपी वाढलं होतं, ती धमनी बाहेर नीट करून किडनी परत बसवली.

खरी अडचण होती वेळेची. रक्त बंद झालं की नेहमीच्या तापमानाला साधारण अर्ध्या तासानंतर किडनीला इजा व्हायला लागते, एवढ्यात बारीक काम कसं होणार? उपाय म्हणजे गारवा. किडनी काढल्या काढल्या थंड द्रावणाने आतून धुवायची आणि बर्फात ठेवायची, मग तिची ऑक्सिजनची भूक एकदम कमी होते. १९६९ मध्ये जेफ्री कॉलिन्स यांनी भरपूर पोटॅशियम असलेलं, पेशीच्या आतल्या पाण्यासारखं द्रावण आणलं आणि कुत्र्यांच्या किडन्या बर्फात ३० तास टिकल्या. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा टप्पा हाच. सर्जनला शांतपणे काम करायला तास मिळाले. १९७१ मध्ये केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी एकच किडनी असलेल्या पेशंटच्या किडनीतली गाठ अशीच बाहेर कापून किडनी परत बसवल्याचं प्रसिद्ध केलं. दुसरी किडनीच नाही म्हटल्यावर सरळ काढून टाकली असती तर डायलिसिसच, म्हणून ते काम मला फार मोलाचं वाटतं.

परत बसवताना किडनी सहसा जुन्या जागी न ठेवता ओटीपोटात ठेवतात, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या हाताशी असतात आणि मूत्राशयही जवळ.

मुतखड्यांसाठीही हे करायचे, पण १९७६ मध्ये स्वीडनमध्ये पाठीतून छोट्या छिद्राने खडा काढला आणि १९८० मध्ये म्युनिकला बाहेरून लहरींनी खडा फोडायला सुरुवात झाली, मग ती गरज जवळजवळ संपली. गाठीही आता बहुतेक वेळा किडनी जागेवर ठेवूनच काढतात. त्यामुळे कोणाला हे ऑपरेशन सुचवलं असेल तर दोन गोष्टी नक्की विचारा, किडनी आत ठेवून काम का होणार नाही, आणि दुसरी किडनी कशी आहे.