मुख्य गवयासाठी : विश्वास आहे, पण आनंद नाही

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी ख्रिस्ती माणसं एक प्रश्न फार दबक्या आवाजात विचारतात. देव चांगला आहे असं लहानपणापासून म्हणत आले, मग मला आनंद का होत नाही? माझा विश्वास कमी पडतोय का? विचारताना नजर खाली असते, चोरी कबूल करावी तशी.

या प्रश्नाचं वजन मला कळलं ते मास्तरांमुळे. ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांच्या संमतीने लिहिते आहे.

मास्तर नगर जिल्ह्यातले. शाळेत शिकवायचे आणि तीस वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवायचे. टिळकांची भजनं तोंडपाठ. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे बरीच वर्षं नगरला राहून अभंगाच्या वळणाची भजनं रचली. तिकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत ती आजीकडून नातवंडांकडे आलेली आहेत. मास्तरांचा मुलगा तबल्यावर साथ करायचा. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. २६ वर्षांचा होता.

मास्तरांना त्यांच्या पत्नी घेऊन आल्या. “ताई, हे पेटी वाजवतात, पण ओठ हलत नाहीत,” एवढंच बोलून त्या बाहेर जाऊन बसल्या.

बऱ्याच वेळानं मास्तर बोलले. “दर रविवारी कुणीतरी सांगतं, मास्तर, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. कुणी पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतं. मी रमाबाई नाही हो. माझ्यानं तबल्याची खोळ काढवत नाही.”

रमाबाईंची हकिगत खरीच आहे. पती लवकर गेले, १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, आणि वर्षाच्या आत त्या स्वतःही गेल्या. मूळ भाषांवरून शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी भाषांतर करण्याचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. पण मुलगी गेल्यावर रात्री एकट्या असताना त्या देवाशी काय बोलल्या, ते आपण कुणी ऐकलेलं नाही. शोक करणाऱ्या माणसाला मी अशी उदाहरणं देत नाही. आधीच वाकलेल्या पाठीवर ते आणखी एक ओझं होतं.

पहिल्या भेटीत मी साधीच चौकशी केली. झोप, भूक, घटलेलं वजन. मग स्पष्ट शब्दांत विचारलं, जगू नये असं वाटतं का? वाटायचं. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, काही महिने गोळ्या चालल्या. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तसं नाही, हे मला ठामपणे सांगावं लागलं. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात तसे विचार येत असतील तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

तिसऱ्या भेटीत मी शास्त्र उघडून त्यांच्यापुढे ठेवलं, स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र. म्हटलं, वरच्या बारीक अक्षरांपासून वाचा. मथळा सहसा कुणी वाचत नाही. त्यांनी वाचलं, “मुख्य गवयासाठी.” थांबले. “म्हणजे आमच्यासारख्यासाठी?”

हो. आणि त्या गवयाच्या हाती काय दिलंय? “किती काळ?” हा प्रश्न, एकदा नव्हे, चारदा. मग ८८वं स्तोत्र काढलं. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. त्याच्याही मथळ्यात तेच शब्द. देवाविरुद्धची ही गाऱ्हाणी कुठे आडोशाला पुटपुटायची नव्हती. त्यांना चाल लावून सगळ्यांनी मिळून गावं, म्हणून ती मुख्य गवयाकडे सोपवली होती.

मास्तर पानावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, “मला असं गाणं कुणी दिलंच नाही.”

माझी खात्री आहे की गाऱ्हाणं हा विश्वासाचाच आवाज आहे. ज्याच्या चांगुलपणाची आशा सुटली त्याच्याशी कुणी भांडत नाही, अबोला धरतं. मास्तरांचे मिटलेले ओठ हा तो अबोला होता. म्हणून मी त्यांना रोज रात्री दोन-चार ओळी लिहायला सांगितल्या. डायरी नाही, थेट देवाला. पहिल्या रात्रीची ओळ होती, “तू कुठे होतास?” तिसऱ्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, “त्याचा आवाज विसरायला होतोय. तेवढा तरी ठेव.” आता ते मागू लागले होते. देव देऊ शकतो असं वाटल्याशिवाय माणूस त्याच्याकडे मागत नाही.

असं का झालं, हे त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. देव चांगला आहे हे मी मनापासून मानते, तरी त्या रस्त्यावर त्या संध्याकाळी जे घडलं त्याचं कारण माझ्याकडे नाही. एवढंच दाखवू शकले की वधस्तंभावर ख्रिस्तानंही “का” विचारलं. “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे २२व्या स्तोत्राचे शब्द. मास्तरांनी लगेच पान उलटून मथळा पाहिला. मुख्य गवयासाठी.

“सर्वदा आनंद करा” या वचनाचं काय, तर ते ज्या पत्रात आहे ते प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र मी त्यांना एका बैठकीत वाचायला सांगितलं. चारच अध्याय आहेत. दुसऱ्या अध्यायात तोच पौल, तुरुंगातून, लिहितो की आजारी पडलेला सोबती एपफ्रदीत वाचला ही देवाची दया, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. आनंद करा म्हणणाऱ्याच्या डोळ्यांतही पाणी होतं, हे मास्तरांना तीस वर्षांत कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात ते घाबरून आले. नाताळसाठी शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मंडळीतल्या रविवारच्या शाळेच्या, मुलांना शिकवत होते. एक पोरगा गाण्यात इतका रंगला की भाता हलवायचंच विसरला आणि पेटीनं धाप टाकली. मास्तर खदखदून हसले. रात्री मात्र डोळा लागला नाही. “मी हसलो ताई. म्हणजे त्याला विसरलो का?”

मी विचारलं, तो तिथे असता तर?

“माझ्याआधी हसला असता,” म्हणाले, आणि रडू लागले. रडता रडता पुन्हा हसले. त्या दिवशी मी आणखी काही बोलले नाही, गरजच नव्हती.

यंदा उत्तम शुक्रवारच्या आदल्या रविवारी त्यांनी १३व्या स्तोत्राला चाल लावून आणली. फक्त पहिल्या चार वचनांना. शेवटची दोन वचनं भरवशाची आणि आनंदाची आहेत. त्यांची चाल अजून सुचली नाही आणि खोटी लावणार नाही, असं त्यांनी पाळकांना सांगितलं. पाळक म्हणाले, तेवढंच गा.

मास्तर गायले, तबल्याशिवाय. चौथं वचन संपलं तशी मंडळी उभी राहिली आणि उरलेली दोन वचनं सगळ्यांनी मोठ्यानं वाचली. तोवर मास्तरांनी पेटीवर षड्ज धरून ठेवला होता.