आजोबा नेव्हीतून रिटायर आहेत, त्यांना युद्धाचं म्युझियम दाखवायचंय. कोकणातून कुठे नेऊ आणि त्यांचा मान कसा ठेवू?

तुम्ही लिहिलंय की आजोबा ७६ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, १९७१ ला नौदलात होते पण घरात त्याबद्दल कधी बोलले नाहीत, आणि कणकवलीहून एका दिवसात जाऊन येता येईल असं काहीतरी हवंय. मग सरळ गोव्याला न्या. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्याला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, दाबोळी विमानतळापासून अगदी जवळ, १९९८ मध्ये सुरू झालेलं. स्वतःची गाडी किंवा भाड्याची गाडी घ्या, हायवेने सावंतवाडी, बांदा करत पणजीवरून झुआरीच्या नव्या पुलावरून पुढे. ट्रेनने मडगावला उतरून परत टॅक्सी बघणं वगैरे या वयात नको. सोमवारी बंद असतं, तो वार टाळा आणि निघायच्या आधी फोन करून वेळ विचारून घ्या. विमानं बाहेर उघड्यावर मांडलेली आहेत म्हणजे ऊन डोक्यावर येतं, सकाळी उघडतानाच पोचलात तर बरं, टोपी, पाणी आणि एक फोल्डिंगची खुर्ची गाडीत टाका. खुर्चीचं मी मुद्दाम सांगतेय, का ते पुढे येईलच.

माझे मोठे काका नेव्हीत होते, विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानं ढकलणं, बांधणं, पंख दुमडणं हे त्यांचं काम. तेही कधी बोलले नाहीत. गावात सगळ्यांना माहीत होतं की अमुक नेव्हीत होते, पण तिकडे त्यांनी नेमकं केलं काय हे त्यांच्या मुलांनासुद्धा सांगता आलं नसतं. आम्ही त्यांना वास्कोला घेऊन गेलो तेव्हा फाटकातून आत गेल्यावर सुपर कॉन्स्टेलेशन म्हणून एक प्रचंड विमान आहे, चार इंजिनांचं, सगळे तिथेच फोटो काढत होते. काका तिकडे बघायलाही थांबले नाहीत, ते चालत चालत गेले ते थेट अलिझेपाशी. हे फ्रेंच बनावटीचं पाणबुड्या शोधणारं विमान, पोटाखाली खालीवर होणारा रडार, शेपटीकडे हूक. त्यांनी त्या हूककडे बोट करून माझ्या मुलीला सांगितलं, "ह्यो हूक बघ गो. वायरीत अडाकलो काय इमान थांबला, नाय तर गेला सरळ दर्यात." मग खुर्ची मागवली आणि त्या विमानाच्या सावलीत बसून जे बोलायला लागले ते आम्ही कुणी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते थोडं इथे लिहिते, कारण तुमचे आजोबाही त्याच काळातले आहेत आणि मागचापुढचा संदर्भ माहीत असला तर तुम्हाला ऐकताना कळेल. विमानवाहू जहाजावरून विमान उडवायचं तर जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवून जोरात हाकावं लागतं म्हणजे डेकवरून वारा वाहतो आणि विमानाला उचल मिळते. १९७१ ला विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, पूर्ण वेग घेता येत नव्हता, बंगालच्या उपसागरात वाराही पडलेला असायचा. "वारोच नाय तर इमान उडातला कसा?" असं काका म्हणाले आणि मग तरीही ती उडवली कशी ते हातवारे करून दाखवलं. ४ डिसेंबरला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारवर पहिला हल्ला केला, मग चितगाव, अलिझे पण गेली. विक्रांतला बुडवायलाच पाकिस्तानची गाझी पाणबुडी बंगालच्या उपसागरात आली होती, ती विशाखापट्टणमजवळ बुडाली आणि विक्रांत तेव्हा अंदमानकडे होती, हे सगळं पुस्तकात मिळेल. पण रात्री अंधारात बुटाखाली तेल आलेलं असताना विमानाला साखळ्या बांधताना बोटं कशी चेंगरतात, हे पुस्तकात मिळत नाही. काकांच्या डाव्या हाताचं एक बोट वाकडं आहे, आम्हाला लहानपणापासून वाटायचं आंब्यावरून पडले असतील.

यातून मला एक गोष्ट पक्की कळलीय आणि तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं माझं उत्तरही तेच आहे. त्यांना युद्धाबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. "युद्धात काय झालं हो आजोबा" या प्रश्नावर कुणीही गप्प बसेल कारण त्यात सगळंच आलं, मेलेली माणसंही आली. पण तुमची ड्युटी कुठली होती, सकाळी किती वाजता उठवायचे, झोपायला जागा कुठे, जेवायला काय, मासे मिळायचे का, पहिल्यांदा बोटीवर गेलात तेव्हा उलटी झाली का, हे विचारलं की माणूस बोलतो, कारण ते त्याचं स्वतःचं आहे. ज्याने वीस-बावीस वर्षं एक काम चोख केलं त्याला ते काम समजून घेणारं कुणीतरी हवं असतं. लहान पोरांना घरातून निघतानाच सांगून ठेवा की किती जणांना मारलंत असलं विचारायचं नाही.

आणि मधे गप्प झाले तर होऊ द्या. आतल्या गॅलरीत फोटो, मॉडेल्स, बॉम्ब, टॉर्पेडो असं बरंच आहे, लोक भराभर बघून बाहेर पडतात. आजोबा एखाद्या फोटोपुढे उभे राहिले तर चला चला करू नका. त्या पिढीच्या नेव्हीवाल्यांना खुकरी या आपल्या युद्धनौकेचं नाव जरी दिसलं तरी आत हलतं. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारून ती बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तेव्हाच्या नौसैनिकाच्या त्या गेलेल्यांत कुणीतरी ओळखीचं असू शकतं, ट्रेनिंगला बरोबर असलेला, एका मेसमध्ये जेवलेला. त्यांनी नाव घेतलं तर ते नाव आणि गाव लक्षात ठेवा, घरी आल्यावर लिहून काढा.

आजी आहेत का? तुम्ही काही लिहिलं नाहीत. असतील तर त्यांना नेलंच पाहिजे. काकूंना आम्ही नेलं होतं, त्या आधी म्हणत होत्या माझं काय काम तिकडे, आणि काका डेकवरचं सांगत असताना मधेच म्हणाल्या की त्या पंधरा दिवसांत पोस्टमन पाणंदीत दिसला की माझे हातपाय गार पडायचे, तार तर नाही ना. काका गप्पच झाले, त्यांना हे पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. आपल्याकडे घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर फौजेत, आणि मागे बाईने शेती, गुरं, सासूसासरे, पोरं सगळं मनीऑर्डरवर ओढलं. या बायकांचा सत्कार कुठल्या स्टेजवर होताना मला दिसत नाही, म्हणून निदान घरच्यांनी तरी त्यांना त्या दिवशी पुढच्या सीटवर बसवावं.

सत्कारावरून आठवलं. शाल, श्रीफळ, फोटो हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही, २६ जानेवारीला शाळेत बोलावलं की काका इस्त्रीचा शर्ट आणि मेडल लावून अर्धा तास आधी जाऊन बसतात, त्यांना ते मनापासून आवडतं. ७ डिसेंबरचा ध्वजदिन, ४ डिसेंबरचा नौदल दिन, १४ जानेवारीचा माजी सैनिकांचा दिवस, हे तुमच्या शाळेला, मंडळाला सुचवा. पण घरातल्या माणसाने करायचा मान वेगळा आहे, आणि तो कागदपत्रांचा आहे. हे जरा सविस्तर सांगते कारण मी यात अडकलेली घरं बघितलीत. आजोबांचं पेन्शन पोर्टलवर नीट चालू आहे का, दरवर्षी हयातीचा दाखला कोण भरतं, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड दोघांचं आहे का हे बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर आजीचं नाव कसं लिहिलंय ते बघा. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत, फौजेच्या रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारला सासरचं, रेशनकार्डला तिसरंच आणि जन्मतारीख तर कुणालाच माहीत नाही, मग आजोबांच्या पश्चात फॅमिली पेन्शनसाठी त्या म्हाताऱ्या बाईला ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आजोबा आहेत तोवर त्यांच्या सहीने हे दुरुस्त होतं, नंतर फार कठीण. ओरोसला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे सगळे कागद घेऊन जा. ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचाही अर्ज केलाय का विचारा, माजी सैनिकांसाठी ती योजना २०२० पासून आहे आणि कितीतरी जण अजून पावती फाडतायत.

गोव्यानंतर त्यांना उत्साह वाटला तर पुढे कारवारला टागोर बीचवर आयएनएस चपळ आहे, क्षेपणास्त्र बोट, १९७६ ला नेव्हीत आली, २००५ ला निवृत्त झाली. १९७१ ला कराचीवर हल्ला करायला गेल्या त्या बोटींच्याच जातीची पण नंतरची. मात्र आत चढउतार आहे, गुडघ्यांचं त्यांनाच ठरवू द्या, बाहेरून बघूनही ते तुम्हाला अर्धी बोट समजावून सांगतील. आपल्या निवतीजवळ गुलदार या निवृत्त युद्धनौकेचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं सरकारने हाती घेतलंय, ते आजोबांच्या उपयोगाचं नाही, पण त्यांना सांगा जरूर, खूष होतील.

आणि मुंबईला जाता येता माणगावात गाडी थांबवा, हे माझं सगळ्यांनाच सांगणं असतं. तहसील कचेरीपुढे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. आपण चाकरमानी गणपतीला त्या ट्रॅफिकमध्ये तासनतास अडकतो आणि वडापाव खाऊन पुढे जातो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा, मराठा लाइट इन्फंट्रीत, १० जुलै १९४४ ला इटलीत त्याच्या सेक्शनमधले त्याच्याशिवाय सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. हा एकटा धावत गेला, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं आणि मग छातीत, पाठीत गोळ्या लागून तिथेच पडला. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. इटलीत मोंतोने गावात २०२३ ला त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलंय. परक्या मुलखातले लोक एवढं करतात तर आपल्याला पाच मिनिटं उतरायला काय हरकत आहे. वेळ असेल तर महाड तालुक्यात फौजी आंबवडे म्हणून गाव आहे, पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावातून शंभराहून जास्त जण गेले, आजही घराघरात फौजी, तिथे आजोबांना गप्पा मारायला माणसं मिळतील आणि पोरांना कळेल की युद्धाचा इतिहास फक्त काचेच्या कपाटात नसतो.

रेकॉर्डिंग करणार असाल तर आजोबांना विचारून करा, फोन लपवून ठेवू नका. व्हिडिओपेक्षा नुसता आवाज बरा, कॅमेरा समोर आला की ही माणसं एकदम सावधानमध्ये बसतात आणि भाषणातलं मराठी बोलायला लागतात. मालवणीत बोलले तर मालवणीतच लिहून ठेवा, जहाजांची, सोबत्यांची नावं परत एकदा विचारून नीट करून घ्या, आणि त्या वहीची एक झेरॉक्स त्यांच्याकडेच द्या, चुकलेलं ते स्वतः पेनाने दुरुस्त करतील. काकांनी माझी अख्खी वही लाल केलीय.